उभ्या गाडीतून रात्रीची राखण

उभ्या गाडीत कॅमेरा ठेवून रात्रभर समोरच्या जागेचे चित्रण करण्याची गरज दोन कारणांनी पडते. पहिले कारण गाडीच्याच राखणीचे: काच फोडणे, पेट्रोल काढणे, चाक किंवा बॅटरी पळवणे, रात्री कुणीतरी घासून निघून जाणे. दुसऱ्या कारणात गाडीचा उपयोग चौकीसारखा होतो. बागायतीच्या फाटकासमोर, शेताच्या बांधाजवळ किंवा कचरा टाकला जातो अशा वळणावर ती उभी करायची आणि तिथे काय घडते त्याची नोंद ठेवायची. दोन्ही कामांत कॅमेरा चोराच्या नजरेत भरू नये अशी अपेक्षा असते. एखाद्या माणसावर, त्याच्या घरावर किंवा येण्याजाण्यावर गुपचूप नजर ठेवणे हा प्रकार यात बसत नाही. ती राखण नव्हे, आणि कायदाही तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो.

गोव्यातल्या पेडणे तालुक्याच्या पूर्व टोकाला, दोडामार्गच्या हद्दीला खेटून असलेल्या इब्रामपूरच्या परिसरात या दोन्ही गरजा समजून घेता येतात. अनेक वाड्यांवर घराच्या दारापर्यंत गाडी जात नाही. ती खाली रस्त्याकडेला किंवा मोकळ्या जागेत राहते आणि घरातून दिसतही नाही. काजूच्या बागायती डोंगरउतारावर, वस्तीपासून दूर. मार्च ते मे या हंगामात रात्री पडलेला काजू पहाटे मालकाच्या आधी दुसऱ्याच्या हाती लागला, की वर्षभराच्या उत्पन्नाला कात्री लागते. चिरेखाणी आणि तेरेखोल-शापोरा या नद्यांतला बेकायदा रेती उपसा हे पेडण्यातले जुने दुखणे आहे, आणि त्या मालाची वाहतूक बहुधा काळोखातच होते. रस्त्याकडेला पोती भरभरून कचरा टाकणारेही रात्रच निवडतात. मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून 5 जानेवारी 2023 रोजी उड्डाणे सुरू झाली, त्यानंतर तालुक्यातले रात्रीचे रस्ते पूर्वीइतके निवांत राहिलेले नाहीत. याखेरीज जत्रा आणि दहीकाले आहेतच. दशावतारी नाटक पहाटेपर्यंत चालते आणि तोवर गाड्या कापणी झालेल्या शेतात रांगेने उभ्या असतात.

माणसाने जागून करायची राखण या भागाला नवी नाही. पिकाजवळ माळा बांधून, शेकोटी पेटवून, डबे वाजवून रानडुकरे आणि गवे हाकलण्याची रीत अजून मोडलेली नाही. माणसाऐवजी कॅमेऱ्याने जागण्याची कल्पनासुद्धा आपल्याकडे शंभर वर्षांची आहे. फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने 1920 च्या दशकात उत्तर भारतातल्या जंगलांत वाटेवर तार ताणून, तिला पाय लागताच प्रकाशझोत उडेल अशी योजना करून रात्रीच्या वाघांची छायाचित्रे घेतली. त्याच मार्गावरचा पुढचा टप्पा म्हणजे आजचा कॅमेरा ट्रॅप. म्हादई अभयारण्यातल्या वाघाचा छायाचित्रासह पुरावा 2013 मध्ये अशाच कॅमेऱ्याने दिला. इब्रामपूरला लागून असलेल्या दोडामार्ग तालुक्यातल्या तिळारी परिसराचे 29.53 चौरस किलोमीटर क्षेत्र 2020 मध्ये संवर्धन राखीव म्हणून घोषित झाले. त्या पट्ट्यातल्या वन्यप्राण्यांचा अभ्यासही याच साधनावर उभा आहे.

साहजिकच जंगलातला हा कॅमेरा आणून गाडीत ठेवावा असे अनेकांना सुचते. तो तिथे चालत नाही, आणि त्याचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. कॅमेरा ट्रॅप जागा होतो तो अंगाच्या उष्णतेने. माणसाच्या किंवा जनावराच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या अवरक्त किरणांची तरंगलांबी 10 मायक्रोमीटरच्या आसपास असते. साधी काच दिसणारा प्रकाश आरपार सोडते, पण या उष्णताकिरणांना भिंतीसारखी अडवते. त्यामुळे बंद काचेमागे ठेवलेल्या कॅमेरा ट्रॅपसमोरून हत्ती गेला तरी त्याला पत्ता लागत नाही. तो बाहेर झाडाला बांधायचा असतो. गाडीच्या आतून राखण करायची तर हालचाल ओळखण्याचे दुसरे उपाय लागतात: चित्रातला फरक ताडणे, गाडीला बसलेला धक्का ओळखणे, रडार, किंवा काहीही न ओळखता रात्रभर सलग चित्रण करणे. यातला शेवटचा उपाय सर्वांत भरवशाचा. पावसाची सर, वाऱ्याने हलणारी माडाची झावळी, काचेवर फिरणारे किडे आणि ज्येष्ठातले काजवे या सगळ्यांनी चित्रातला फरक ताडणारा कॅमेरा फसतो. एक तर तो रात्रभर उगाच जागा होत राहतो, नाहीतर त्याची संवेदनशीलता इतकी कमी करावी लागते की खरी घटनाच निसटते.

वीज

सलग चित्रणाला वीज लागते, आणि या विषयातली बहुतेक निराशा इथेच पदरी पडते. गोव्यात डिसेंबरमधली रात्र सूर्यास्त ते सूर्योदय जवळजवळ 13 तासांची असते, जूनमधली 11 तासांची. गाडीत बसवायचा साधा डॅशकॅम 3 ते 5 वॅट वीज खातो. सरासरी 4 वॅट धरले तर 13 तासांत 52 वॅट-तास, म्हणजे 12 व्होल्टच्या बॅटरीतून सव्वाचार अँपिअर-तास खर्च होतात. गाडीतले घड्याळ, लॉक आणि इतर यंत्रणा बंद अवस्थेतही थोडी वीज घेत राहतात, ती धरून साडेचारच्या पुढे. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण 35 अँपिअर-तासांची असते. म्हणजे एका रात्रीत तिचा आठवा हिस्सा गेला. चांगल्या बॅटरीला हे सहज झेपते. गाडी न हलवता तीन रात्री काढल्या तर तिसऱ्या सकाळी बॅटरी जवळजवळ दोन पंचमांश रिकामी झालेली असते. पुढे-मागे असे दोन कॅमेरे असतील तर हीच गत दुसऱ्या रात्रीअखेर येते.

गाडीची बॅटरी इंजिन सुरू करताना क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी बनवलेली असते, रात्रभर थोडा थोडा देण्यासाठी नव्हे. ती वारंवार अर्ध्यापेक्षा खाली गेली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते. कोकणपट्टीतली उष्णता ते आधीच कमी करत असते. म्हणून कॅमेरा फ्यूजपेटीला जोडताना मध्ये व्होल्टेज पाहून वीज तोडणारा जोडसंच हवाच. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत 12.6 व्होल्टच्या आसपास असते आणि 12.2 ला ती अर्धी उरते. त्यामुळे तोडणी 12.2 किंवा त्याच्या वर ठेवावी. काही संचांत 11.8 चाही पर्याय असतो. त्यावर विसंबून राहिलेल्या मालकाच्या हाती चित्रण येईल, पण सकाळी गाडी सुरू होईलच याची खात्री नाही. ही जोडणी गाडीच्या जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावी. पुढच्या खांबात पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असेल तर वायर तिच्या मागून न्यायची असते, पुढून नेली तर अपघाताच्या वेळी ती एअरबॅगच्या वाटेत येते. आणखी एक गोष्ट अशी की सकाळी पेडणे बाजारापर्यंत मारलेल्या छोट्या फेरीत रात्रीचा खर्च पूर्ण भरून येईलच असे नाही. कारण लेड-ॲसिड बॅटरी भरत आली की चार्ज घेण्याचा वेग कमी करते.

दुसरा मार्ग पॉवर बँकेचा. 20,000 मिलिअँपिअर-तास हा आकडा आतल्या 3.7 व्होल्टच्या सेलचा असतो. म्हणजे 74 वॅट-तास, आणि रूपांतरातली गळती वजा जाता हाती साठच्या आसपास. एका कॅमेऱ्याला एक रात्र पुरेल इतके हे आहे, शिवाय गाडीच्या बॅटरीला हात लागत नाही. तीच पॉवर बँक दिवसा गाडीत विसरली तर मात्र धोका असतो. एप्रिलच्या उन्हात बंद गाडीचा डॅशबोर्ड साठ अंशांच्या पुढे तापतो आणि लिथियमच्या सेलला हे तापमान मानवत नाही. सकाळी कॅमेऱ्याबरोबर तीही घरात आणणे हा त्या पद्धतीचाच भाग समजावा. याच कारणासाठी गाडीत कायम राहणारा कॅमेरा लिथियम बॅटरीचा नव्हे, कपॅसिटरचा निवडतात.

वीज वाचवण्यासाठी दर सेकंदाला एकच चित्र घेण्याची सोय बऱ्याच कॅमेऱ्यांत असते. तिने जागा खूप वाचते, वीज मात्र थोडीच वाचते, कारण सेन्सर आणि प्रोसेसर जागेच असतात. इंजिन सुरू ठेवून बॅटरी भरत राहणे हा उपाय गाडीत कुणी झोपलेले असेल तर जीवघेणा ठरतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू वासाने कळत नाही.

काच, दव आणि काळोख

रात्रीच्या चित्रणाचा दर्जा सेन्सरइतकाच समोरच्या काचेवर ठरतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 100 प्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान 70 टक्के, बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. काळ्या फिल्मच्या आड कॅमेरा लपवण्याची कल्पना त्यामुळेच गैरलागू ठरते. सर्वोच्च न्यायालयाने 27 एप्रिल 2012 च्या निकालात काचांवर काळी फिल्म चिकटवण्यास मनाई केली होती आणि त्यानंतर देशभर पोलिसांनी ती रस्त्यावरच सोलून काढली. कॅमेऱ्याच्या दृष्टीनेही काळी काच वाईटच, कारण मुळात तुटपुंजा असलेला प्रकाश ती आणखी निम्मा करते. दिवसा डॅशबोर्डची झाक घालवण्यासाठी भिंगावर लावतात तो पोलरायझरही रात्री काढून ठेवायचा असतो. तोसुद्धा निम्म्याहून अधिक प्रकाश खातो.

प्रकाशाचे प्रमाण आकड्यांत पाहिले की अपेक्षा जागेवर येतात. चांगल्या पथदिव्याखाली 10 लक्सच्या आसपास प्रकाश असतो. स्वच्छ आकाशातली पौर्णिमा जेमतेम 0.1 ते 0.3 लक्स देते, आणि नुसते तारे 0.001 लक्स. पेडण्याच्या पुनवेला, कोजागरीच्या रात्री, चंद्र डोक्यावर असतो तेव्हा डोळ्यांना सगळे लख्ख वाटते. कॅमेऱ्याला तिथे पथदिव्याच्या पन्नासाव्या-शंभराव्या हिश्शाइतकाच प्रकाश मिळत असतो. अमावास्येच्या रात्री बागायतीत, काजूच्या दाट पालवीखाली, कोणताही साधा कॅमेरा काळ्या पाटीपलीकडे काही दाखवत नाही. मागून प्रकाश घेणाऱ्या नव्या सेन्सरांनी, उदाहरणार्थ सोनीच्या स्टारव्हिस मालिकेने, खूप प्रगती केली आहे. भिंगाचे तोंड मोठे असण्याचाही फायदा होतो: एफ 1.4 चे भिंग एफ 2 च्या दुप्पट प्रकाश आत घेते. तरी शून्यातून चित्र उभे राहत नाही.

प्रकाश कमी पडला की कॅमेरा शटर अधिक वेळ उघडे ठेवतो. सेकंदाच्या पंचविसाव्या भागात ताशी 36 किलोमीटर वेगाची मोटारसायकल 40 सेंटिमीटर पुढे सरकते. चित्रात उमटतो तो फराटा, आणि नंबरप्लेट वाचता येत नाही. हेडलाइट समोर असतील तर उलटी अडचण येते. 1 एप्रिल 2019 पासून नव्या वाहनांना सक्तीच्या झालेल्या उच्चसुरक्षा पाट्या प्रकाश आल्या दिशेला परत फेकतात, त्या चित्रात पांढऱ्या पडतात. रात्री धावत्या गाडीचा नंबर टिपणारे कॅमेरे यासाठी वेगळ्याच रीतीने बनवलेले असतात, साध्या डॅशकॅमकडून ती अपेक्षा धरू नये. गाडी थांबून दिवे मालवले गेले आणि माणसे उतरली, तर तोच कॅमेरा बरेच काही सांगतो. कचरा टाकणाऱ्याला थांबावेच लागते, काजू गोळा करणाऱ्याला वाकून हळूहळू फिरावे लागते. राखणीला उपयोगी पडते ती ही गोष्ट.

अवरक्त दिव्यांचा उपाय सर्वांना ठाऊक असतो. 850 नॅनोमीटरचे दिवे अंधारात मंद लाल दिसतात. 940 चे अजिबात दिसत नाहीत, पण सेन्सरला ते निम्म्याहूनही कमी जाणवतात. अडचण काचेची आहे. उष्णताकिरणांना अडवणारी काच हे किरण सोडते, मात्र त्यातला काही भाग परत भिंगावर फेकते आणि सगळे चित्र पांढुरके धुके होऊन जाते. दिवे कॅमेऱ्यातच असतील तर ते बंद करून वेगळा दिवा काचेच्या बाहेर लावावा लागतो, किंवा भिंग काचेला अगदी टेकवून भोवती काळ्या रबराची कड बसवावी लागते. डॅशबोर्डवर काळे, न चमकणारे कापड अंथरल्याने पथदिव्याची झाक बरीच जाते. हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि फरक डोळ्यांना दिसण्याइतका पडतो.

दव हा कोकणातला खास शत्रू. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या निरभ्र रात्री काच आकाशाकडे उष्णता सोडून भोवतालच्या हवेपेक्षा थंड होते आणि मध्यरात्रीनंतर तिच्यावर बाहेरून पाण्याचा पापुद्रा बसतो. तिथून सकाळपर्यंतचे चित्रण धूसर. झाडाच्या किंवा छपराच्या आडोशाला उभ्या केलेल्या गाडीची काच मोकळ्या आकाशाला तोंड देत नाही, त्यामुळे तिच्यावर दव उशिरा आणि कमी पडते. पावसाळ्यात वाफ आतून धरते. ओल्या चपला, भिजलेले पायपुसणे, छत्री गाडीत ठेवून काचा बंद केल्या की आतली दमट हवा काचेवर येऊन बसते. गाडी आतून कोरडी करूनच कॅमेरा लावावा. आषाढ-श्रावणातल्या पावसाच्या झोडीत समोरच्या काचेतून रात्री काही दिसेल अशी आशा न ठेवलेलीच बरी. त्या महिन्यांत गाडीची राखण छपराखाली आणि बागायतीची राखण माणसानेच करायची असते.

किती लांबचे, किती स्पष्ट

टेहळणीच्या कॅमेऱ्यांसाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय मानकात चित्राची स्पष्टता दृश्यातल्या एका मीटरवर किती चित्रबिंदू पडतात यावरून मोजतात. कुणीतरी आहे एवढे कळायला मीटरला 25 बिंदू, ओळखीचा माणूस ओळखायला 125, अनोळखी माणसाची ओळख पटवायला 250. चित्राची रुंदी 1920 बिंदूंची आणि भिंगाचा कोन 90 अंशांचा असेल तर 38 मीटरवर कुणी आहे हे समजते, पावणेआठ मीटरवर ओळखीचा माणूस ओळखू येतो, आणि परक्याचा चेहरा पटण्याजोगा दिसायला तो पावणेचार मीटरच्या आत यावा लागतो. हे भरपूर प्रकाशातले हिशेब आहेत. रात्री ते आणखी आक्रसतात. डॅशकॅम तर 140 अंशांपर्यंतच्या रुंद भिंगाचे असतात, त्यांत चेहरा दीड-दोन मीटरपलीकडे हरवतो. गाडीला हात लावणाऱ्यासाठी ते पुरेसे आहे. फाटकावर नजर ठेवायची तर 30 अंशांचे अरुंद भिंग हवे, तेव्हा तीच ओळख 14 मीटरवर पटते. रुंद कोनात सगळा परिसर दिसावा आणि चेहराही कळावा या दोन्ही इच्छा एका कॅमेऱ्यात पुऱ्या होत नाहीत. घेणाऱ्याने त्यातली एक निवडावी.

साठवणीचा हिशेब सोपा आहे. सेकंदाला 12 मेगाबिटने चित्रण केले तर तासाला 5.4 जीबी, 13 तासांना सत्तर. 128 जीबीचे कार्ड एक रात्र पूर्ण सामावून घेते आणि दुसऱ्या रात्री जुने पुसत नवे लिहू लागते. सतत लिहिण्या-पुसण्याने साधी कार्डे काही महिन्यांत दगा देतात आणि दगा दिल्याचे सांगतही नाहीत. टेहळणीसाठी बनवलेले टिकाऊ कार्ड घ्यावे आणि महिन्यातून एकदा खरेच चित्रण होते आहे का ते उघडून पाहावे. फोनवर थेट पाहण्याची सोय आकर्षक वाटते. हद्दीवरच्या दऱ्याखोऱ्यांत जिथे मोबाइलची रेंज येते-जाते तिथे तिच्यावर विसंबता येत नाही.

घड्याळाकडे दुर्लक्ष करणे फार महागात पडते. वीज पूर्ण गेली की पुष्कळ कॅमेरे कारखान्यातल्या तारखेवर परततात. मग चित्र स्वच्छ असते, आणि कोपऱ्यात कित्येक वर्षांपूर्वीच्या जानेवारीची तारीख. संध्याकाळी चित्रण सुरू होताच मोबाइलवरची वेळ पाच सेकंद भिंगासमोर धरली, तर कॅमेऱ्याचे घड्याळ चुकीचे असले तरी नेमका फरक त्याच नोंदीत कायमचा राहतो.

नजरेत न येण्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पडदा आणि चित्रण चालू असल्याचा दिवा बंद, आरशामागची जागा, काळी वायर, आणि आत मौल्यवान काहीही दिसू न देणे एवढ्यात काम भागते. आवाज टिपणे बंद ठेवावे. राखणीला त्याचा उपयोग जवळजवळ नसतो आणि वाटेने जाणाऱ्यांचे बोलणे साठवण्याचा अधिकार कुणाला नाही. फक्त गाडीचीच राखण करायची असेल तर लपवण्यापेक्षा ‘कॅमेरा चालू आहे’ अशी चिठ्ठी काचेवर लावणे अधिक शहाणपणाचे. काच फुटल्यानंतर चोराचे चित्र मिळण्यापेक्षा काच न फुटलेली बरी.

कायदा आणि गाव

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 127 नुसार सार्वजनिक जागी 10 तास किंवा त्याहून अधिक वेळ बेवारस सोडलेले वाहन पोलीस हलवू शकतात. 13 तासांची रात्र ही मर्यादा ओलांडते. म्हणून चौकीसारखी उभी करायची गाडी स्वतःच्या किंवा परवानगी घेतलेल्या खासगी जागेत असावी. कलम 122 प्रमाणे इतरांना धोका किंवा अडथळा होईल अशा रीतीने वाहन उभे करण्यास मनाई आहे, आणि पेडण्यातले अरुंद वळणांचे रस्ते पाहता हे कलम कागदापुरते नाही.

सार्वजनिक रस्त्यावर सर्वांना दिसते त्याचे चित्रण करण्यास भारतात सरसकट बंदी नाही. पण 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि घराच्या आतले जीवन त्या हक्काच्या गाभ्यात येते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली स्त्रीच्या खासगी क्षणांचे चित्रण केल्यास पहिल्या अपराधाला एक ते तीन वर्षे कैद आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66-ई कोणाही व्यक्तीच्या शरीराच्या खासगी भागांचे संमतीविना चित्रण करणे गुन्हा मानते. गावात न्हाणीघर घराबाहेर असते, विहीर आणि ओहोळ उघड्यावर असतात. कॅमेऱ्याच्या चौकटीत शेजाऱ्याचे अंगण, न्हाणी किंवा पाणवठा येत असेल तर गाडी दुसरीकडे उभी करावी, निदान कोन तरी बदलावा. ‘आपला तसा हेतू नव्हता’ हे सांगत बसण्याची वेळ येऊ नये. खासगी गुप्तहेरांकडे असे काम सोपवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की त्यांच्या नियमनासाठी 2007 मध्ये आणलेले विधेयक कायदा होऊ शकले नाही, त्यामुळे गुप्तहेराला कोणतेही खास अधिकार नाहीत.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने व्यक्तीच्या वैयक्तिक किंवा घरगुती वापराला सूट दिली आहे. ती किती ताणता येईल हा प्रश्न युरोपात आधीच येऊन गेला आहे. खिडक्या फोडल्या जातात म्हणून चेक प्रजासत्ताकातल्या एका घरमालकाने कॅमेरा लावला, संशयितही सापडले. पण कॅमेऱ्यात सार्वजनिक रस्ता येत होता, म्हणून तो निव्वळ घरगुती वापर नव्हे, असे युरोपीय न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये ठरवले. घरमालकाचे रास्त हितही विचारात घ्यावे, हेही त्याच निकालात आहे. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने मे 2018 मध्ये डॅशकॅमचे अखंड चित्रण विदा संरक्षणाच्या विरुद्ध असल्याचे सांगितले, आणि तरीही अपघाताच्या खटल्यात ते पुरावा म्हणून स्वीकारता येते असा निवाडा दिला. नेदरलँड्सच्या विदा संरक्षण प्राधिकरणाने टेस्ला गाड्यांच्या उभ्या अवस्थेतल्या पहाऱ्याची चौकशी केली. येणारा-जाणारा प्रत्येकजण टिपला जात होता. 2023 मध्ये समोर आलेल्या बदलांनुसार ही सोय मालकाने सुरू केल्याशिवाय चालत नाही, चित्रण सुरू झाले की दिवे लुकलुकतात आणि शेवटची दहाच मिनिटे साठतात. चोराने हात लावला तरच नोंद ठेवायची, बाकीचे आपोआप पुसू द्यायचे, ही पद्धत कायद्याची सक्ती नसतानाही आपल्याकडे उचलण्याजोगी आहे.

अनोळखी गाडी रात्री गावात उभी दिसली की गावालाच तिचा संशय येतो, आणि या संशयाचे टोक महाराष्ट्राने पाहिले आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षुकी करणाऱ्या पाच जणांना जमावाने ठार मारले. 16 एप्रिल 2020 च्या रात्री पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले येथे गाडीतून निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच संशयाला बळी पडले. म्हणून गुपित चोरापासून ठेवावे, गावापासून नव्हे. पंच, शेजारची दोन-तीन घरे आणि पोलीस यांना गाडी कुणाची, कुठे आणि कशासाठी उभी आहे हे माहीत असावे. गाडीत माणूस बसवण्याची गरज नाही, बसलाच तर त्याने चोराला अडवायला न उतरता 112 वर फोन करावा. मिळालेले चित्रण व्हॉट्सॲपवर ‘हाच तो’ म्हणून फिरवणे तर सर्वथा टाळावे. आठ मीटरवरच्या धूसर चेहऱ्यावरून पटलेली ओळख चुकण्याची शक्यता किती मोठी, ते वरच्या हिशेबातून दिसतेच.

वन्यप्राण्यांसाठी केलेल्या राखणीत प्रखर दिवे आणि पाठलाग वर्ज्य. हत्ती किंवा गवा दिसला तर वनखात्याला कळवणे एवढेच काम.

चित्रणाचा पुरावा

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम 63 इलेक्ट्रॉनिक नोंदींच्या पुराव्याची रीत सांगते. प्रत सादर करताना सोबत प्रमाणपत्र लागते. त्याचा पहिला भाग नोंद सादर करणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा असतो. फाइलचे हॅश मूल्यही त्यात नमूद करायचे असते. हॅश म्हणजे फाइलमधल्या प्रत्येक बिटवरून गणिताने काढलेली खूण, चित्रात एक ठिपका बदलला तरी ती पार बदलते.

जुन्या कायद्यातली हीच अट किती जाचक ठरू शकते, हे जालन्याच्या प्रकरणात दिसले. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचे उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाले, असा आक्षेप कैलास गोरंट्याल यांनी घेतला. मुख्य पुरावा निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रणाचा होता. वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिले नाही. सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 च्या निकालात प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले, मात्र मिळवण्याचे सर्व प्रयत्न करूनही दुसऱ्याने ते नाकारले असेल तर त्याची शिक्षा मागणाऱ्याला होऊ नये, असेही सांगितले. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीला उभे राहून हजर केले तर प्रमाणपत्राची गरज नाही, हेही त्यात स्पष्ट झाले. उभ्या गाडीतल्या कॅमेऱ्याला हा शेवटचा मुद्दा थेट लागू पडतो, कारण कॅमेरा, कार्ड आणि गाडी बहुधा एकाच माणसाची असते.

घटना घडल्याचे सकाळी लक्षात आले की प्रथम वीज तोडून कार्ड काढावे, म्हणजे नव्या चित्रणाखाली जुने पुसले जाणार नाही. कार्डाची लिहिण्याची खिट्टी असल्यास बंद करावी. प्रत संगणकावर उतरवावी, तिचे हॅश लिहून ठेवावे, आणि मूळ कार्ड दोन साक्षीदारांसमोर पाकिटात घालून तारीख-वेळ व सह्यांसह मोहरबंद करावे. कापलेली, उजळलेली किंवा मोबाइलने पडद्यावरून पुन्हा टिपलेली आवृत्ती पाहायला सोयीची असते, पुरावा म्हणून ती दुबळी. तक्रारीत कॅमेऱ्याची जागा, भिंगाचे तोंड कोणत्या दिशेला होते, घड्याळातला फरक आणि स्वतः शेवटचे गाडीजवळ गेल्याची वेळ लिहावी. कार्ड पोलिसांच्या ताब्यात देताना पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी. ज्या रात्री काही घडले नाही त्या रात्रींचे चित्रण आठवड्याच्या आत पुसून टाकावे.